रोज म्हणजे किती तास?

(गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी पाठ)



रोवणीचे दिवस तोंडावर आले. पऱ्हे टाकून झाले, आता पावसाची वाट. अशा वेळी गावात बायका भेटल्या की एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा रोज किती?" आणि उत्तर येतं रुपयांत. अमक्या गावात इतके, तमक्या गावात इतके. पण "किती तासांचा रोज?" असं कुणी विचारत नाही. जणू रोज म्हटलं की तास सगळ्यांना ठाऊकच आहेत.

खरं तर ते कुणालाच ठाऊक नसतात. एका वावरात रोज नऊ वाजता सुरू होतो, दुसऱ्यात साडेसातला. कुठे जेवणाला तासभर सुट्टी, कुठे धुऱ्यावर बसून चार घास खाल्ले की लगेच चिखलात. पैसे मात्र दोन्हीकडे सारखेच. म्हणून या महिन्याच्या पाठात आपण एकच शब्द घेऊ, रोज. तो कुठून आला, त्याचा अर्थ काय, आपण तो कसा वापरतो आणि वापरताना कोणती गोष्ट सांगायची राहून जाते, ते बघू.

शब्द कुठून आला?

"रोज" हा मूळचा फारसी शब्द. फारसीत रोज म्हणजे दिवस. रमजानमध्ये धरतात तो रोजा याच घराण्यातला. मराठीत हा शब्द येऊन काही शतकं झाली आणि त्याला इथे मोठं गोत मिळालं. रोजी म्हणजे दिवसाची कमाई. रोजंदारी म्हणजे दिवसाच्या हिशोबाने केलेलं काम. रोजगार, रोजनिशी हेही त्यातलेच. आपल्या गटाच्या दप्तरातली रोजकीर्द आठवा. त्या त्या दिवसाची जमा त्या दिवशी, खर्च त्या दिवशी, म्हणून ती रोजकीर्द.

आपल्या बोलण्यात मात्र या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. बघा:

"ती रोज कामावर जाते." इथे रोज म्हणजे दररोज.

"या बांधीला आठ रोज लागले." इथे रोज म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम.

"माझा रोज अजून मिळाला नाही." इथे रोज म्हणजे त्या दिवसाचे पैसे.

म्हणजे दिवस, दिवसाचं काम आणि दिवसाचे पैसे, तिन्ही एकाच शब्दात. बोलायला सोपं पडतं, पण गोंधळ इथेच सुरू होतो. पैसे मोजता येतात. काम डोळ्याला दिसतं. दिवस किती लांब, हे तेवढं कुणी मोजत नाही.

दिवस तरी किती मोठा?

जुन्या काळी दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. दिवस-रात्र मिळून आठ प्रहर धरत, एक प्रहर तीन तासांचा. घड्याळ घरोघरी आलं नव्हतं, तेव्हा उन्हाची सावली आणि गुरं परतायची वेळ हेच घड्याळ.

"तास" या शब्दाचीही गंमत आहे. वेळ कळवण्यासाठी धातूची थाळी टांगून ठोके देत. त्या थाळीला तास म्हणत, आणि तेच नाव पुढे साठ मिनिटांना मिळालं. नांगराने पडलेल्या ओळीलाही आपण तासच म्हणतो. शेतातलं तास किती झालं ते आपण रोज संध्याकाळी वळून बघतो. घड्याळातला तास बघायचा राहतो.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आपल्या भंडारा जिल्ह्यात जूनच्या शेवटी सूर्य उगवण्यापासून मावळण्यापर्यंत जवळजवळ साडेतेरा तास होतात. डिसेंबरच्या शेवटी तेच पावणेअकरा तासांच्या आसपास. म्हणजे दिवसादिवसात अडीच तासांहून जास्त फरक. "दिवसभर काम" असं म्हटलं, तर रोवणीचा दिवस हिवाळ्यातल्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा पडतो. आणि रोवणीच्या वेळी कंबर वाकलेली, पाय चिखलात, डोक्यावर पाऊस. त्यामुळे दिवस म्हणजे सूर्य ते सूर्य, असा अर्थ धरला तर सर्वात कष्टाच्या कामाला सर्वात लांब रोज होतो.

आठ तास आले कुठून?

"आठ तास काम" हे आज आपण सहज बोलतो. ते कुणी आपणहून दिलेलं नाही.

मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामाचा दिवस उजेडाइतका लांब असे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. रविवारची सुट्टी मिळावी ही त्यांची मोठी मागणी होती. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलायला उभ्या राहिल्या. गिरणीत राबणाऱ्या बायांनी भर सभेत उभं राहून सुट्टी मागणं, हे त्या काळात किती धाडसाचं असेल याचा विचार करा. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ११ तास अशी मर्यादा घातली. पुढे दिवस हळूहळू लहान होत गेला. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये ५४ तास. १९४६ मध्ये ४८ तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. आठवड्याला ४८ तासांचा बदल त्यांच्याच कारकिर्दीतला. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, हे आपल्यातल्या जाणत्या बाया आजही सांगतात.

आठवड्याला ४८ तास म्हणजे सहा दिवस आठ तास. जगभरातही हाच आकडा मान्य झाला होता. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने पहिलाच करार केला तो कामाच्या तासांचा, आणि त्यात ४८ तास ठरले. भारतासाठी मात्र त्याच करारात वेगळं कलम घालून ६० तास ठेवले होते. ६० चे ४८ व्हायला आपल्याकडे आणखी २७ वर्षं लागली.

कायद्यात काय लिहिलं आहे?

इथे थोडं सावकाश वाचा. प्रत्येक कामाला वेगळा नियम होता.

*कारखाना.* कारखाने कायदा १९४८ प्रमाणे दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम देता येत नव्हतं. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. जास्त तास काम केलं तर त्या तासांना दुप्पट दराने पैसे. आठवड्याला एक सुट्टी. मोठी राइस मिल कारखान्याच्या व्याख्येत बसत असेल, तर तिथे काम करणाऱ्या बाईलाही हे लागू होतं.

*बिडी.* आपल्या जिल्ह्यात अनेक घरांचा संसार बिडीवर चालला. बिडी कामगारांसाठी १९६६ चा वेगळा कायदा होता. कारखान्यात बिडी वळणाऱ्यांना दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. शिवाय आदल्या वर्षी केलेल्या दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती. ठेकेदाराकडून पाने-तंबाखू घेऊन घरी बिडी वळणारी बाईसुद्धा या कायद्यात "कामगार" धरली होती.

*रोजगार हमी.* रोहयोच्या नियमात रोजाचे तास स्पष्ट लिहिले आहेत, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. कामाचे दर असे ठरवायचे की प्रौढ माणसाने आठ तास काम केलं, आणि त्या आठ तासांत एक तास विश्रांती धरलेली असली, तरी त्याला पूर्ण मजुरी पडली पाहिजे. म्हणजे हाताने काम सातच तास. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात हा दर ३१२ रुपये होता. कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी हवी. पाच किंवा जास्त लहान मुलं सोबत असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची.

*शेतमजुरी.* किमान वेतन कायदा १९४८ शेतीच्या मजुरीलाही लागू होता. कामाचा दिवस किती तासांचा धरायचा, हे सरकारने ठरवावं असं त्यात होतं. पण कारखान्यात भोंगा वाजतो, बांधीत वाजत नाही. तपासायला कुणी येत नाही. म्हणून शेतात कायद्यापेक्षा गावाची रीत चालते. गावाची रीत आपणच बोलून ठरवायची असते.

कायदे आणि दर बदलत राहतात. नेमका आजचा दर आणि नियम हवा असेल तर ग्रामरोजगार सेवक, किंवा भंडाऱ्यातल्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ग्रामसंघातर्फे लेखी विचारावं. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

रोजाची भावंडं: हाजरी, पाळी, गुत्ता, हजारी

रोजाच्या जोडीने आपण आणखी काही शब्द वापरतो. प्रत्येक शब्द एक गोष्ट सांगतो आणि दुसरी लपवतो. ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

*हाजरी.* म्हणजे हजर असणं. बैठकीत हाजरी घेतो तीच. रोहयोच्या कामावर आता मोबाइलवर दोन वेळा फोटोसह हाजरी लागते. हाजरी लागली म्हणजे तुम्ही आलात हे सिद्ध झालं. काम किती मोजलं, हे त्यावरून ठरत नाही. रोहयोत पैसे मोजमापावर निघतात. म्हणून "हाजरी तर पूर्ण लागली, मग पैसे कमी का?" हा प्रश्न पडला, की मोजमाप कधी झालं, कुणी केलं, ते विचारायचं.

*पाळी.* हा घड्याळाचा शब्द. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणींच्या आसपास राहणाऱ्या घरांत हा रोजच्या बोलण्यातला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. पाळी कधी सुरू, कधी संपली, हे सगळ्या घराला ठाऊक असतं. कालव्याच्या पाण्याची पाळी असते तीही अशीच, अमक्या वेळेपासून अमक्या वेळेपर्यंत. पाळीचं वैशिष्ट्य हे की ती संपते. पाण्याची पाळी संपली की पुढचा शेतकरी लगेच हक्काने पाणी वळवून घेतो, कुणाला वाईट वाटत नाही. बाईचा रोज संपला, हे सांगायला मात्र तिला संकोच वाटतो.

*गुत्ता.* अख्ख्या कामाची एकच रक्कम. एकरभर रोवणी इतक्या रुपयांत. यात तास मोजत नाहीत, काम मोजतात. हात चपळ असेल, पऱ्हे जवळ असतील, पाऊस साथ देईल, तर गुत्ता परवडतो. पऱ्हे लांबून डोक्यावर आणायचे असतील किंवा चिखलणी नीट झालेली नसेल, तर तोच गुत्ता अंगावर येतो.

*हजारी, शेकडा.* बिडीचे पैसे हजारावर, तेंदूपानाचे पुड्यांच्या शेकड्यावर. इथे तर वेळ शब्दातूनच गायब आहे. पण पान भिजवणं, कापणं, वळणं, दोरा बांधणं, यातलं वळणं तेवढंच "काम" वाटतं. रात्री पान भिजवलं आणि सकाळी कापलं, त्याला कुणी काम म्हणत नाही. तेंदूपानाचंही तसंच. पहाटे जंगलात जाऊन पान तोडायचं, दुपारी घरी सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फडीवर न्यायचे. एका शेकड्यात घरातल्या किती जणांचे किती तास गेले, हे कधी मोजून बघितलंय?

अर्धा रोज

आणखी एक शब्द जपून वापरण्यासारखा आहे, अर्धा रोज. तो दोन वेळा येतो.

एकदा, आपल्याला दुपारी घरी जायचं असतं. मुलाला ताप आहे, बँकेत काम आहे. तेव्हा अर्धा दिवस काम, अर्धे पैसे. हे रास्त आहे.

दुसऱ्यांदा, आपण पूर्ण दिवसाच्या तयारीने गेलो. दुपारी जोराचा पाऊस आला, किंवा मालकाचा ट्रॅक्टर आला नाही, किंवा पऱ्हे संपले. "जा आता, अर्धा रोज घ्या." इथे काम थांबलं ते आपल्यामुळे नाही. किमान वेतन कायद्यात याबद्दल कलम होतं. ज्या कामाचा किमान दर दिवसावर ठरलेला आहे, तिथे मालकाने काम कमी दिलं म्हणून तास कमी भरले, तर मजुराला पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला हवं. मजुराचीच काम करायची इच्छा नसेल तर ते लागू होत नाही.

आता हे कलम घेऊन कुणी आपल्याच गावच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याशी भांडायला जा, असं नाही. त्यालाही पावसाने मारलेलं असतं. पण आधीच बोलून ठेवता येतं. "पावसाने काम थांबलं तर काय?" हे सकाळी ठरलं, तर दुपारी तोंड वाईट होत नाही. काही ठिकाणी उरलेले तास दुसऱ्या दिवशी भरून देतात आणि पूर्ण रोज घेतात. तोही मार्ग चांगला, फक्त आधी ठरलेला हवा.

हिशोब करून बघू

पाटीवर किंवा वहीत मांडा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावचा दर घालून पुन्हा करा.

समजा रोज २८० रुपये.

पहिल्या वावरात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, मध्ये एक तास सुट्टी. काम सात तास. २८० भागिले ७, तासाला ४० रुपये.

दुसऱ्या वावरात सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास सुट्टी. काम दहा तास. २८० भागिले १०, तासाला २८ रुपये.

रोज दोन्हीकडे २८० च. गावात सांगताना दोघी "दोनशे ऐंशी" असंच सांगतील. पण दुसरीला दर तासाला १२ रुपये कमी पडले. तिने तीन तास जवळजवळ फुकट दिले.

आता गुत्ता. समजा दहा जणींनी एका एकराचा गुत्ता ४२०० रुपयांना घेतला. प्रत्येकीला ४२०. काम साडेदहा तासांत उरकलं तर तासाला ४० रुपये. पण पऱ्हे लांब होते, मधे पाऊस आला, दोन दिवस मिळून १५ तास गेले. तर तासाला २८ रुपये. ४२० हा आकडा २८० पेक्षा मोठा दिसतो, पण प्रत्यक्षात पडला तेवढाच.

म्हणून दर ऐकला की लगेच तासाने भागायची सवय लावा. आपण गटाचं व्याज शेकड्याने काढतो, तितकंच हे सोपं आहे.

गटाच्या स्वतःच्या कामात

दुसऱ्याकडून तास मागण्याआधी आपल्या घरात बघू. गटाने पापड, शेवया, मसाले असा उद्योग केला की आपण कच्च्या मालाचा खर्च चोख लिहितो. आपले तास लिहीत नाही.

समजा २० किलो पापड केले. कच्चा माल, गॅस, पिशव्या मिळून ३६०० रुपये. २०० रुपये किलोने विकले, आले ४०००. गट म्हणतो, "४०० रुपये नफा!" पण चार जणींनी पाच-पाच तास दिले, म्हणजे २० तास. ४०० भागिले २०, तासाला २० रुपये. रोवणीला गेलो असतो तर ४० मिळाले असते. तासाला ४० धरले तर मजुरी ८०० होते, एकूण खर्च ४४००. म्हणजे २२० रुपये किलोच्या खाली विकणं म्हणजे स्वतःच्या मजुरीत तोटा.

मग भाव वाढवायचा, की वेळ वाचवणारं यंत्र घ्यायचं, की दुसरा माल करायचा, हा निर्णय गटाने घ्यावा. पण तास लिहिले असतील तरच निर्णय घेता येईल. रोजकीर्दीत पैशाची नोंद असते तशी उद्योगाच्या वहीत तासांचा एक रकाना पाडा. नाव, कधी आली, कधी गेली. एवढंच.

ज्याला रोजच नाही ते काम

पहाटे उठून पाणी भरणं, चूल, भांडी, झाडलोट, म्हाताऱ्या सासूचं औषधपाणी, गुरांचं शेण. याला रोज नाही, हाजरी नाही, पाळी नाही. म्हणून ते काम नाही असं घरचेही समजतात आणि कधी कधी आपणही. "घरीच असते" असं आपणच आपल्याबद्दल सांगतो.

केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेची पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, ते विचारलं. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात देतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. रोवणीचे सात-आठ तास आणि हे पावणेपाच मिळवा. बाईचा दिवस बारा तासांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. गिरणीतल्या बायांचे ११ तास १८९१ मध्ये सरकारला जास्तीत जास्त वाटले होते.

हे वाचून घरी भांडण करायचं नाही. पण संध्याकाळी साडेसहा ऐवजी पाचला सुट्टी होणं याचा अर्थ बाईसाठी काय असतो, हे यातून कळतं. तो दीड तास स्वयंपाकाला मिळतो, मुलांना मिळतो, बैठकीला मिळतो. रोजाचे तास ठरवणं म्हणजे कामचुकारपणा, असं कुणी म्हटलं तर त्यांना हा हिशोब दाखवा.

दोन्ही बाजूंनी बघा

आपल्यातल्या कितीतरी जणी आज मजूर असतात आणि चार दिवसांनी आपल्याच बांधीत मजूर लावतात. तेव्हा प्रामाणिकपणा दोन्हीकडून हवा. नऊला यायचं ठरलं तर नऊला बांधीत पाय पडला पाहिजे, नऊला घरातून निघणं म्हणजे नऊ नव्हे. आणि पाचला सुट्टी ठरली तर "एवढी ओळ संपवून घ्या गं" असं म्हणत पावणेसहा करणं हेही बरोबर नाही. ओळ संपवायचीच असेल तर त्या पाऊण तासाचे पैसे धरावेत.

एकमेकींच्या वावरात फेडाफेडीने काम करतो, तिथेही हाच नियम. आज मी तुझ्याकडे आठ तास दिले, तर उद्या तू माझ्याकडे आठ तास द्यायचे. सहा दिले तर नातं बिघडतं, पण बोलत कुणी नाही.

आणि समान काम असेल तर बाई-पुरुषाला समान मोबदला, हे १९७६ च्या समान वेतन कायद्याने सांगितलं होतं. धान कापायला, भारे बांधायला, पुंजणे रचायला दोघं सोबत उभे असतील आणि तास सारखे असतील, तर "बाईचा रोज" आणि "गड्याचा रोज" असे दोन शब्द का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

रोज ठरवताना बोलायच्या पाच गोष्टी

१. सुरुवात किती वाजता? घरून निघायची वेळ की वावरात पोचायची?

२. सुट्टी किती वाजता?

३. जेवणाला आणि चहाला किती वेळ?

४. जास्त वेळ थांबलो तर तासाला किती? पावसाने किंवा मालकाच्या अडचणीने काम थांबलं तर किती?

५. पैसे कधी मिळणार? त्याच संध्याकाळी, आठवड्याने, की धान विकल्यावर?

एकटीने विचारलं तर "तूच मोठी शहाणी" असं ऐकावं लागतं. दहा जणींनी मिळून एकच गोष्ट विचारली तर तीच गावाची रीत होते. म्हणून रोवणी सुरू होण्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्या. ग्रामसंघात सगळ्या गटांनी मिळून एक वेळ ठरवा आणि ती शेतकरी भावांनाही आधी सांगा, म्हणजे त्यांनाही नियोजन करता येईल.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात रोवणीचा रोज किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो? प्रत्येकीने आपापल्या अनुभवाने सांगा. उत्तरं वेगवेगळी आली का?

२. मागच्या हंगामात घेतलेल्या एखाद्या गुत्त्याचे तास आठवून तासाचा दर काढा. तो रोजापेक्षा जास्त पडला की कमी?

३. आपल्या गटाच्या उद्योगात तासांची नोंद आहे का? नसेल तर ती कोण लिहील?

४. रोहयोच्या कामावर आठ तासांत एक तास विश्रांती मिळते का? पाणी, सावली, मुलांसाठी बाई, यातलं काय आहे, काय नाही? ग्रामसभेत कोण मांडेल?

या महिन्यात करून बघा

एक आठवडाभर आपल्या दिवसाची नोंद ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा नातवाला सांगा. सकाळी उठण्यापासून झोपेपर्यंत, कोणत्या कामाला किती वेळ. पैशाचं काम वेगळ्या रकान्यात, बिनपैशाचं वेगळ्या. पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचा. त्यानंतर कुणी विचारलं, "यंदा रोज किती?" तर उत्तर देताना रुपयांसोबत तासही सांगा.